बाग आणि बागेतले हात

बागेविषयीचे पुस्तक आमच्या वाचकांपुढे ठेवताना थोडा संकोच वाटतो. ज्यांच्या मागच्या पिढीने पहाटे रहाटाचे पाणी पाटात सोडले, केळीचे लोंगर खांद्यावरून वाहिले, मोगऱ्याच्या कळ्या उजाडण्यापूर्वी खुडून दादरच्या बाजाराला वेळेवर पोचवल्या, त्यांना बागेचे कौतुक दुसऱ्याने काय सांगावे? वसईच्या वाडीतल्या माणसाला बाग म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरीही ‘एलिझाबेथ अँड हर जर्मन गार्डन’ या इंग्रजी पुस्तकाविषयी लिहावे असे आम्हांला दीर्घकाळ वाटत आले आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे पुस्तक आवडीने वाचले जात आहे. आम्हांलाही ते आवडते. आणि प्रत्येक वाचनात ते आम्हांला अस्वस्थही करते. या दोहोंचा हिशेब एकदा मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सप्टेंबर १८९८ मध्ये लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनाने हे पुस्तक काढले, तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते. वाचकांनी ते उचलून धरले आणि थोड्याच काळात त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. लेखिका होती मेरी ॲनेट बीचम. तिचा जन्म १८६६ साली ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ झाला, पण बालपणीच कुटुंब इंग्लंडला आले. कथालेखिका कॅथरीन मॅन्सफील्ड ही तिच्या नात्यातली. १८९१ मध्ये तिचे लग्न हेनिंग ऑगस्ट फॉन आर्निम या प्रशियन काउंटशी झाले. बर्लिनमध्ये काही वर्षे काढल्यावर १८९६ मध्ये ती पोमेरेनिया प्रांतातल्या नासेनहाइडे येथील पतीच्या जमीनदारीवर राहायला गेली. बर्लिनच्या उत्तरेला, सपाट, वाळूमिश्रित जमिनीचा, पाइनच्या रानांचा हा मुलूख. हिवाळा लांब, आणि म्हणूनच वसंताचे अप्रूप मोठे. पुढे इंग्रजी वाचक तिला केवळ ‘एलिझाबेथ’ या नावाने ओळखू लागले. ‘ए पॅसेज टू इंडिया’ लिहिणारे ई. एम. फॉर्स्टर १९०५ मध्ये तिच्या मुलींना शिकवायला याच घरी काही महिने राहिले होते, हेही सांगून ठेवले पाहिजे.

पुस्तक रोजनिशीच्या रूपाने लिहिले आहे. ७ मे रोजी त्याला आरंभ होतो आणि पुढच्या वर्षीच्या १८ एप्रिलला ते संपते; म्हणजे एका वसंतापासून दुसऱ्या वसंतापर्यंतचा हा प्रवास आहे. कथानक असे काही नाही. पंचवीस वर्षे कोणी न राहिलेले एक जुने घर, भोवती रान माजलेली बाग, तीन लहान मुली, एक पती आणि जाणारे येणारे पाहुणे, एवढाच ऐवज. मुलींना नावेसुद्धा त्यांच्या जन्ममहिन्यांची: एप्रिल, मे आणि जून. पतीला लेखिकेने ‘मॅन ऑफ रॅथ’ म्हटले आहे. आपण त्याला कोपमूर्ती म्हणू. गंमत अशी, की हा गृहस्थ क्वचितच रागावतो. तो शांतपणे, किंचित उपरोधाने बोलतो आणि त्या शांतपणामुळेच अधिक धाक वाटतो.

या घरात राहायला जाण्यापूर्वी घराची डागडुजी व रंगकाम करून घेण्यासाठी एलिझाबेथ एकटीच पुढे गेली होती. एप्रिलच्या अखेरीपासून सुमारे सहा आठवडे ती तिथे होती. कामगारांवर देखरेख करावी ही अपेक्षा. प्रत्यक्षात तिने सारा वेळ बाहेर काढला. गवतात पिवळी फुले उमलत होती, रानचेरी पांढरी झाली होती, आणि पाठोपाठ लायलॅकचा बहर आला. जेवण म्हणजे झाडाखाली आणून दिलेले ताट, त्यात थोडा हिरवा पाला आणि पाव. घरात कर्तव्ये, नोकरचाकर, सामानसुमान. बाहेर मात्र पावलोपावली आशीर्वाद, असा तिचा अनुभव. रात्री मोठ्या रिकाम्या घरात तिला भीती वाटे, म्हणून ती उशाशी घंटा घेऊन झोपे. पतीला पत्र लिहायचे ती विसरूनच गेली. तो अखेर स्वतः येऊन थडकला आणि पत्र का नाही म्हणून त्याने विचारले, तेव्हा इतक्या आनंदात होते की सुचलेच नाही, असे तिने निर्मळपणे सांगून टाकले. आमच्या मते ही पाने पुस्तकातली सर्वांत ताजी पाने आहेत. आपल्याकडे ज्या स्त्रीने लग्नानंतर प्रथमच चार दिवस कोणासाठी काही न करता काढले असतील, तिला ती भाषांतराशिवाय समजतील.

या आनंदाला विनोदाची जोड आहे, आणि तो विनोद पहिल्या निम्म्या पुस्तकात तरी लेखिकेच्या स्वतःवरच आहे. बागकामाविषयी तिला काही म्हणजे काही कळत नव्हते. एका जर्मन पुस्तकात तिने वाचले की आयपोमियाची वेल लावली म्हणजे ओसाड जागेचेही नंदनवन होते. (आपली गणेशवेल याच कुळातली.) किती बी लागते याचा अंदाज नसल्याने तिने दहा पौंड वजनाचे बी विकत घेतले, अकरा वाफ्यांत आणि जवळजवळ प्रत्येक झाडाभोवती पेरवले आणि नंदनवनाची वाट पाहत बसली. ते काही आले नाही. नशिबाने तिने वाटाण्यासारखी फुले देणाऱ्या ‘स्वीट पी’चेही दोन मोठे पट्टे पेरले होते. त्यांनी तो उन्हाळा सांभाळून नेला. हा फजितीचा पाढा वाचताना हसू येते. कारण आपणही कधी ना कधी कोणाच्या तरी सांगण्यावरून चुकीच्या महिन्यात चुकीचे रोप लावलेले असते.

याच ओघात एक छोटा प्रसंग येतो, तो सबंध पुस्तकाच्या मर्मस्थानी आहे असे आम्हांला वाटते. काउंटच्या पत्नीने स्वतःच्या हाताने माती उकरणे त्या समाजात शोभणारे नव्हते. तिने माळ्याला सांगावे, माळ्याने करावे. पण एलिझाबेथला मातीची ओढ. आपण पुरुष असतो तर पहिली गोष्ट म्हणून फावडे विकत आणले असते, असे ती म्हणते. एप्रिलच्या एका उबदार रविवारी नोकरमंडळी जेवायला बसलेली पाहून ती फावडे आणि दाताळे घेऊन गुपचूप बाहेर पडते, घाईघाईने जमिनीचा एवढासा तुकडा खणते, बी टाकते आणि चोरासारखी घामाघूम होऊन घरात परतते. मग खुर्चीत बसून तोंडासमोर पुस्तक धरते, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. जमीनदारीची मालकीण स्वतःच्याच जमिनीत चोरून काम करते! आपल्या पुरुषांच्या राज्यात आणि आपल्या वर्गाच्या राज्यात स्त्रीला आणखी काय काय चोरून करावे लागत असेल, याचे सूचन त्या एका चित्रात आहे. त्यावर लेखिका भाष्य करीत नाही. ती फक्त हसते आणि पुढे जाते.

तिच्या सौंदर्यदृष्टीविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. तिच्या माळ्याला सगळे सरळ रेषेत हवे असे. तो लांब दोरी घेऊन फिरे आणि झाडे कवायतीतल्या शिपायांसारखी रांगेत उभी करी. एलिझाबेथला रांगा नको होत्या. तिला मोकळेपणा हवा होता, गवतातल्या रानफुलांनाही ती पाहुण्यांसारखी वागवी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात असिसीच्या संत फ्रान्सिसची एक आठवण सांगितली आहे. मठाच्या बागेचा एक भाग मुद्दाम न नांगरता ठेवावा, म्हणजे तिथे रानफुले उगवतील आणि पाहणाऱ्याचे मन देवाकडे वळेल, असे संतांचे सांगणे असे. प्रॉटेस्टंट मुलुखातल्या या इंग्रज बाईने तो परिच्छेद वाचला असता तर तिला आपल्या माळ्याविरुद्ध एक भक्कम साक्षीदार मिळाला असता. निर्मितीकडे उपयोगाच्या पलीकडे जाऊन पाहण्याची ही वृत्ती पुस्तकाचे खरे धन आहे, आणि आजच्या वाचकाने ते निःसंकोचपणे घ्यावे.

दैनंदिन जीवनाचे चित्रणही रसाळ आहे. मुलींचे देवाविषयीचे आणि देवदूतांविषयीचे निरागस प्रश्न, नाताळची धांदल, भर हिवाळ्यात घसरगाडीतून बाल्टिक समुद्राकाठी केलेली थंडगार सहल, महिनाभर मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्या, हे सारे ती चपळ हाताने रेखाटते. एका संभाषणात कोपमूर्ती कायद्याचा दाखला देऊन सांगतो, की राजकीय सभांच्या बाबतीत स्त्रियांची गणना मुले आणि वेड्यांच्या बरोबरीने होते. हा काही लेखिकेचा कल्पनाविलास नव्हे. १८५० सालच्या प्रशियन कायद्याने स्त्रियांना राजकीय संस्थांपासून दूर ठेवले होते आणि १९०८ पर्यंत ती बंदी टिकली. पाहुण्या चिडतात, वाद घालतात. एलिझाबेथ मात्र बहुतेक वेळा गप्प राहते आणि बागेकडे वळते. हिवाळ्यातला हा भाग थोडा लांबला आहे हे खरे. एका पाहुणीची टिंगल तर गरजेपेक्षा फार चालते. पण ते असो.

आता आमच्या अस्वस्थतेकडे येतो.

घराचा इतिहास सांगताना लेखिका लिहिते, की तीस वर्षांच्या युद्धापूर्वी, म्हणजे १६१८ पूर्वी, इथे संन्यासिनींचा मठ होता. गुडघे टेकून टेकून झिजलेल्या विटांच्या जमिनीचे ते कमानदार प्रार्थनामंदिर आता घराचा दिवाणखाना झाले आहे. स्वीडनच्या गुस्ताव्ह अडॉल्फसच्या फौजा या वाटेने गेल्या, आणि बिचाऱ्या संन्यासिनींना उघड्या माळावर नवे आयुष्य शोधावे लागले, याची ती हळहळ करते. कॅथलिक वाचक इथे थबकल्याशिवाय राहत नाही. मात्र आम्ही थबकतो ते केवळ गेलेल्या मठाच्या दुःखाने नव्हे. मठवासी परंपरेत, संत बेनेडिक्टच्या नियमापासून, प्रार्थना आणि अंगमेहनत एकाच माणसाच्या वाट्याला येत असत. जे हात जोडले जात तेच हात मातीत जात. त्या घरात आता प्रार्थनामंदिराचा दिवाणखाना झाला आणि हात वेगळे झाले. बाग पाहणारे एक आणि बाग करणारे दुसरे. पुस्तकातली पुढची पाने या फाटाफुटीची साक्ष देतात. लेखिकेला ती द्यायची होती किंवा नव्हती, हा प्रश्न निराळा.

वसंत सुरू झाला की जमीनदारीवर रशियन आणि पोलिश मजुरांच्या टोळ्या येत. त्यांच्याबरोबर मुकादम असे आणि तो खिशात भरलेले पिस्तूल आणि पायाशी हिंस्र कुत्रा बाळगून असे. पहिले काही दिवस ते पळून जाऊ नयेत म्हणून रात्री पहारा ठेवावा लागे. तरी दरवर्षी काही पळतच. मजुरी दिवसाला दीड ते दोन मार्क आणि खातील तितके बटाटे. बायकांना त्याहून कमी. त्या कमी काम करतात म्हणून नव्हे, तर त्या बायका आहेत आणि त्यांना उत्तेजन देऊ नये म्हणून, असे लेखिका कोरड्या उपरोधाने नोंदवते. हा उपरोध कोणावर आहे याविषयी वाचकाला शंका राहत नाही. इथपर्यंत आम्ही तिच्या बाजूचे आहोत.

पण लगेच सणांचा विषय निघतो. हे मजूर काही केल्या संतांच्या सणांना कामाला हात लावीत नाहीत. थंडी सरून जमीन मोकळी झालेली, पेरणीची घडी साधायची वेळ, आणि एकाच आठवड्यात दोन-तीन दिवस शेते रिकामी. मजूर उन्हात खुशाल झोपलेले. आपल्यालाही आनंद आणि चर्चलाही आनंद, अशी दुहेरी सोय त्यांनी साधली आहे, अशी लेखिकेची कोटी. कोपमूर्ती दूरदेशीच्या त्या संतांविषयी जे उद्गार काढतो ते ती मुकाट्याने ऐकते आणि मनातून त्याच्याशी सहमत असल्याचे कबूलही करते. पुढे ती म्हणते, की सुरुवातीला आपल्याला या लोकांची जी कीव आली ती आपल्याच वाजवीपेक्षा जास्त सुधारलेपणाची करणी असावी. साबण त्यांना रुचणार नाही, नवे कपडे ते घालणार नाहीत. तिन्हीसांजेला ते गात गात परततात, म्हणजे सुखी असावेत.

माद्रिदच्या संत इसिदोरची कथा आमच्या वाचकांना ठाऊक असेल. तो बाराव्या शतकातला शेतमजूर. पहाटेच्या मिस्साला जातो आणि कामावर उशिरा येतो, अशी त्याच्याविरुद्ध मालकाकडे चुगली झाली. मालक खातरजमा करायला शेतावर गेला तेव्हा इसिदोरच्या बैलांशेजारी देवदूत नांगर हाकीत असल्याचे त्याला दिसले, अशी आख्यायिका आहे. १२ मार्च १६२२ रोजी ज्या पाच जणांना एकत्र संतपद मिळाले त्यांत संत इग्नेशियस लोयोला, संत फ्रान्सिस झेवियर, अविलाची संत तेरेसा आणि संत फिलिप नेरी यांच्या पंक्तीला हा निरक्षर मजूर बसला. त्याचा सण १५ मे. नासेनहाइडेच्या जमीनदाराची तक्रार आणि माद्रिदच्या मालकाकडे गेलेली तक्रार एकच आहे: देवाला दिलेला वेळ हा आमचा चोरलेला वेळ होय. ख्रिस्तसभेने या तक्रारीचा निकाल फार पूर्वी, आणि मजुराच्या बाजूने, दिलेला आहे.

यावर एक आक्षेप येईल. १८९८ च्या पुस्तकाला आजच्या विवेकाचे माप लावणे न्याय्य आहे काय? आक्षेप रास्त आहे; पण आम्ही आजचे माप लावीतच नाही. पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक १५ मे १८९१ रोजी प्रसिद्ध झाले, म्हणजे एलिझाबेथच्या लग्नाच्या वर्षी आणि या पुस्तकाच्या सात वर्षे आधी. कामगाराला त्याच्या कुटुंबाचा निर्वाह होईल इतकी मजुरी हवी. रविवारी आणि सणाला विश्रांती हवी, आणि ती आळसासाठी नव्हे तर उपासनेसाठी. सशक्त पुरुषाला झेपणारे काम स्त्रिया आणि मुले यांच्यावर लादू नये, हे सारे त्यात स्पष्ट शब्दांत आले आहे. लूथरपंथीय जमीनदाराने रोमचे परिपत्रक वाचावे अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. परंतु प्रश्न त्या काळी विचारला गेला नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. तो युरोपभर विचारला जात होता. नासेनहाइडेच्या बागेच्या कुंपणापर्यंत तो आला होता आणि आत घ्यावा की नाही, एवढेच लेखिकेने ठरवायचे होते.

तिने तो अर्धा आत घेतला. मजूर सुखी असावेत असे म्हणून झाल्यावर ती थांबते आणि सांगते, की बायका मात्र सुखी आहेत अशी आपली अजून खात्री पटलेली नाही. पुरुषांइतकेच राबायचे, मोबदला कमी घ्यायचा, मुले जन्माला घालायची आणि तेही काम अडणार नाही अशा बेताने. सकाळी शेतात असलेली बाई मधल्या वेळेत बाळंत होऊन दुपारी पुन्हा शेतात दिसते. बाळ एका म्हातारीच्या स्वाधीन; सगळ्यांची बाळे तीच सांभाळते. या चार-सहा वाक्यांत विनोद नाही. सबंध पुस्तकात लेखिकेचा आवाज इतका खाली आलेला दुसरीकडे क्वचितच आढळेल. त्यानंतर घोड्यावरून रपेट करताना पतीशी संवाद होतो. कोपमूर्ती निसर्गनियमाचे दाखले देतो, बायकोला गप्प करण्यासाठी उचललेल्या हाताचेही थट्टेच्या सुरात समर्थन करतो; ती थोडेबहुत प्रतिवाद करते आणि विषय संपतो. पुढच्या पानावर पुन्हा फुले.

आमचा वाङ्मयीन आक्षेप इथेच आहे, नैतिक आक्षेपाच्याही आधी. एलिझाबेथचा विनोद उत्तम असतो तो स्वतःकडे वळलेला असताना. दहा पौंड बियांची फजिती सांगताना तो तिला काही तरी शिकवून जातो. चोरून खणण्याच्या प्रसंगात तो तिच्या साऱ्या जगाला उघडे पाडतो. मजुरांकडे वळल्यावर मात्र तो काही शोधत नाही, झाकतो. साबण आवडणार नाही ही कोटी करण्यासाठी साबण कधी दिला गेला होता का, हे विचारावे लागत नाही. ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांच्यावर केलेला विनोद शैली म्हणूनही कमकुवत ठरतो, कारण त्यात लिहिणाऱ्याला काही धोका नसतो.

दुसरे असे, की तिच्या हाताशी असलेली जोडणी तिने केली नाही. एकाच जमिनीवर दोन स्त्रिया आहेत. एकीला फावडे हाती धरण्याची मनाई आहे, दुसरीला ते खाली ठेवण्याची. पहिली रविवारी चोरून पंधरा मिनिटे खणते आणि तिला स्वर्ग लाभतो. दुसरी प्रसूतीनंतर काही तासांत खणते आणि तिच्या लेखी त्यात स्वर्गही नाही, पापही नाही, फक्त दिवस आहे. दोघींनाही त्या जागी नेऊन ठेवणारी व्यवस्था एकच. हे दोन प्रसंग पुस्तकात काही पानांच्या अंतरावर आहेत. लेखिकेने त्यांच्यामध्ये एक वाक्य लिहिले असते, तर हे पुस्तक मोहक न राहता मोठे झाले असते, असे आम्हांला प्रामाणिकपणे वाटते.

तिच्या बाजूनेही बोलले पाहिजे. सहानुभूतीचा आव तिने आणला नाही. बायकांविषयीची ती वाक्ये ती गाळू शकली असती. जमीनदाराच्या पत्नीला कोणी ती लिहायला सांगितली नव्हती. आपले मौन, आपली सोयीस्कर सहमती, हेही तिने लपवले नाही. बागेवरची इतर कित्येक पुस्तके आम्ही चाळली आहेत. त्यांत झाडांची नावे आहेत, खतांची प्रमाणे आहेत, पण फावडे कोणाच्या हाती होते याचा उल्लेखच नाही. एलिझाबेथच्या पुस्तकात तो आहे, म्हणून तर आपण तिच्याशी भांडू शकतो.

या बागेचे पुढे काय झाले तेही सांगावे. १९०८ मध्ये कुटुंबाने नासेनहाइडे सोडले. १९१० मध्ये काउंट वारले. एलिझाबेथने पुढे बरेच लिहिले. त्यांतले ‘दि एन्चँटेड एप्रिल’ हे १९२२ सालचे पुस्तक चित्रपटामुळेही पुष्कळांना माहीत आहे. १९४१ मध्ये अमेरिकेत तिचे निधन झाले. १९४५ नंतर पोमेरेनियाचा तो भाग पोलंडमध्ये गेला, जर्मन रहिवाशांना घरेदारे सोडून जावे लागले आणि तिथे पोलिश कुटुंबे येऊन वसली. नासेनहाइडेचे नाव आता झेंजिनी आहे. ते घर आज उभे नाही. ज्यांच्या देशबांधवांना एके काळी पिस्तूलधारी मुकादमाच्या पहाऱ्यात आणले जाई, त्यांचीच मुलेबाळे आता त्या भागात आपले सण पाळतात. यात काव्यात्म न्याय शोधण्याचा मोह होतो. पण तो आम्ही आवरतो. घर सोडून माळावर निघालेल्या माणसांचे दुःख, मग त्या सतराव्या शतकातल्या संन्यासिनी असोत की विसाव्या शतकातले जर्मन शेतकरी, न्याय या शब्दात बसत नाही.

इतके लिहून इथेच थांबलो असतो, तर एका मेलेल्या प्रशियन जमीनदाराची उणीदुणी काढून आपण सुटलो असतो. तेवढ्याने सुटका होत नाही, म्हणूनच हे पुस्तक आम्हांला सतावते.

आमच्या आईने आयुष्यभर वाडीत काम केले. तिच्या हातांच्या भेगा आम्ही पाहिल्या आहेत. आमच्या हातांना भेगा नाहीत. शिक्षण झाले, नोकऱ्या झाल्या, वाडीचा बराचसा भाग गेला, बावखल बुजले, आणि उरलेल्या तुकड्यावर आता घर आहे व घरापुढे बाग. तिथे मोगऱ्याचे चार वाफे आम्ही हौसेने ठेवले आहेत. त्यांना पाणी घालायला, गवत काढायला पूर्वेकडच्या पाड्यावरून एक आदिवासी बाई येते. एके वर्षी मोगरा नुकताच धरू लागला असताना ती होळीसाठी चार दिवस गावी जाते म्हणाली. चाराचे सात झाले. ऊन कडक होते, कळ्या गळाल्या. यांना कामाच्या वेळीच बरे सण सुचतात, असे आम्ही घरात बोललो. बोलताना आवाज शांत होता, किंचित उपरोधाचा. त्यानंतर काही महिन्यांनी हे पुस्तक पुन्हा उघडले आणि त्या दूरदेशीच्या संतांविषयीच्या पानावर आलो, तेव्हा तो आवाज ओळखीचा वाटला. तो कोपमूर्तीचा नव्हता.

आपल्या सणांसाठी आपण कामावरून रजा घेतो आणि ती मिळाली नाही तर श्रद्धेचा अवमान झाला असे मानतो. आगेऱ्याला नव्या पिकाची कणसे वेदीवर वाहतो. त्या कणसांना लागलेल्या इतरांच्या हातांची, आणि त्या हातांच्या सणांची, आपण आठवण ठेवतो काय? त्या बाईला त्या सात दिवसांची मजुरी द्यायची की नाही याचा विचारसुद्धा आमच्या मनात आला नव्हता. तो या पुस्तकाने आणला. साहित्याकडून यापेक्षा जास्त काय मागावे?

योहानकृत शुभवर्तमानात पुनरुत्थानाची सकाळ बागेत उजाडते. मग्दालिया मरियेला प्रभू समोर दिसतो आणि तो माळी असावा असे तिला वाटते. प्रवचनांतून आपण ही तिची चूक म्हणून ऐकतो. पण प्रभूला पाहून तिला सरदार किंवा जमीनदार आठवला नाही, पहाटे बागेत कामाला आलेला माणूस आठवला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. एलिझाबेथच्या बागेत माळी येतात, हट्ट करतात, राजीनामे देतात आणि जातात. त्यांच्याविषयी आपण हसतो. त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडाकडे आपण नीट पाहिलेले नसते, कारण लेखिकेने पाहिलेले नसते.

तरीही आम्ही हे पुस्तक वाचा असेच म्हणू. इंग्रजी सोपे आहे, लेखनाधिकाराची मुदत संपून गेल्यामुळे पुस्तक सहज मिळते, आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना ते नक्की वाचता येईल. मे महिन्याची पहिली पाने आनंदासाठी वाचावीत. चोरून खणण्याचा प्रसंग घरातल्या स्त्रियांनी मोठ्याने वाचावा. मजुरांविषयीची पाने मात्र आपापल्या अंगणात बसून, काम चालू असलेल्या वेळी वाचावीत. आमच्या मोगऱ्याला यंदाही बहर आला आहे. होळीच्या आठवड्यात पाणी आम्ही स्वतः घातले. तिसऱ्या दिवशी कंबर धरली, आणि आईची फार आठवण झाली.